बाजेवरचा उन्हाळा

आजीच्या हिशेबी वर्षाचे दोनच भाग होते. पाणी लागायच्या आधीचा आणि पाणी लागल्यानंतरचा. दिवाळी, संक्रांत, शिमगा हे सारं पहिल्या भागात येऊन जाई, पण त्या भागाचं खरं काम चैत्र-वैशाखातच असे. पाणी लागल्यावर एवढ्या मोठ्या घरानं काय खायचं, त्याची बेगमी तेव्हा करायची. आम्ही पोरं राखणीला कंटाळून कुरकुरलो की ती म्हणे, "मंग पानी लागल्यावर कोटं जासीन बाप्पा, बजाराले?"

प्रश्न खराच होता. आमचं गाव वैनगंगेच्या काठी, ब्रह्मपुरीच्या अंगाला. मृग बरसून नाले भरले की बाजाराची वाट तुटायची. नदीपल्याड आरमोरी; तिकडे जायला डोंगा, आणि पुरात तोही बंद. मोठी आत्या त्या पल्याडच्याच गावी दिलेली. उन्हाळ्यात पाणी उतरून वाळूचा पट्टा उघडा पडला की ती पहाटेच चालत माहेरी येई, डोक्यावर कोहळ्यांची टोपली घेऊन. २६ ऑगस्ट १९८२ ला जुन्या चांदा जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले, नदी मधली शीव ठरली आणि आत्या गडचिरोली जिल्ह्याची झाली. आबाजींना त्याचं फारसं नवल वाटलं नाही. ते मध्यप्रांतात जन्मले, मध्य प्रदेशात संसाराला लागले, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. घर काही त्यांनी एकदाही बदललं नव्हतं.

उन्हाळ्याचं पहिलं खाणं नदीतून येई. पाणी ओसरलं की धीवर मंडळी वाळूत डांगराच्या वाड्या लावत. ओल लागेपर्यंत वाळूत खड्डे खणायचे, त्यात शेणखत भरायचं, बी टोचायचं. जवळच झिरा काढलेला असे; त्यातलं पाणी मडक्यानं उचलून एकेका आळ्यात ओतायचं. काठाला गवताची झोपडी घालून अख्खं कुटुंब हंगामभर वाळूतच राही. वेल पसरले की फळाखाली वाळलं गवत सारायचं, नाहीतर तापल्या वाळूनं साल भाजते. आबाजींचा एका वाडीवाल्याशी जुना व्यवहार होता. सुगीला आमच्याकडून धान जाई आणि चैत्रात त्यांच्याकडून टरबुजं, डांगरं, काकड्या येत. ते मोजलेलं मी कधी पाहिलं नाही. बिया मात्र आजी एकही टाकू देत नसे. धुऊन, राखेत चोळून, सुपात वाळवून ठेवायची. आता वर पवनीजवळ गोसेखुर्दचं धरण आहे. नदीचं पाणी कधी सुटेल याचा धाक वाळूत बी टोचणाऱ्याला असतो, आणि वाड्या लावणारी घरंही उरली ती थोडीच.

घरामागं आमची सांदवाडी होती. विहिरीवरचं, न्हाणीचं, भांड्यांचं सगळं पाणी चराने तिच्यात जाई, म्हणून भर उन्हातही एक कोपरा हिरवा राही. हिवाळ्यातली वांगी आणि भेदरं संपत आली की उरलेल्यांच्या चकत्या कापून खुला घालायच्या. सांभार सावलीत सुकवायचा. अंबाडीची लाल बोंडं आधीच वाळवून मडक्यात गेलेली असत. वैशाखात तीच सांदवाडी पुढच्या सालासाठी तयार करायची. बांबूच्या ताट्यांचं कुंपण नीट करायचं, राख आणि शेणखत पसरायचं, दोडक्या-कारल्याच्या वेलांना मांडव घालायचा. बी-बियाणं वाळलेल्या दुधी भोपळ्याच्या तुंब्यात राखेसकट ठेवलेलं असे. ते रोहिणीत निघे.

पण उन्हाळा म्हटला की मला आधी आठवतात त्या अंगणातल्या बाजा. घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या बाजा बाहेर निघत, त्यांवर आबाजींची जुनी धुवट धोतरं अंथरत. आमचा मुलूख धानाचा, गहू विकतचा, म्हणून कुरडयांचा गहू जपून भिजे. तीन दिवस भिजत ठेवायचा, पाणी रोज बदलायचं. तिसऱ्या दिवशी आंबूस वास घरभर सुटे. मग मोठी माय आणि काकू पाट्यावर तो वाटत, कापडातून गाळत, आणि रात्रभर चीक खाली बसू देत. सकाळी वरचं पिवळं पाणी हलक्या हातानं काढलं की तळाशी घट्ट पांढरा थर राही. चुलीवर आधणात मीठ आणि हिंग घालून तो चीक एकीनं ओतायचा आणि दुसरीनं लाकडी दांड्यानं घोटत राहायचं. आधी तो पांढरा, गढूळ असतो. मग गचके देत शिजतो आणि एका क्षणी काचेसारखा पारदर्शक होऊन दांड्याला धरून वर येतो. त्या क्षणी आजी कोठ्यातून असो की माजघरातून, बरोबर चुलीशी हजर होई. आम्हाला वाटीत गरम चीक मिळे, त्यावर जवसाचं तेल किंवा दूध-साखर. मी तेलवाल्यांतला.

ऊन चढायच्या आत सोऱ्यातून कुरडया पाडून व्हायच्या. दुसऱ्या दिवशी तांदळाचे पापड, मग सरगुंडे, शेवया, मूगवड्या, आणि आत्या आली की कोहळ्याच्या वड्या. कोहळं किसायचं, पिळून पाणी काढायचं, वाटलेल्या उडदाच्या डाळीत फेटायचं. पहिल्या दोन वड्यांना आजी हळद-कुंकू लावी. तांदळाच्या पापडासाठी पुढं पुढं एचएमटीच्या कण्या येऊ लागल्या. हा तांदूळ आमच्याच बाजूचा. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये पटेल-३ या धानाच्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, त्यांचं बी जपलं, वाढवलं, आणि त्या काळी लोकांच्या मनगटावर असलेल्या घड्याळाचं नाव त्याला मिळालं. २०१८ मध्ये दादाजी गेले. आजी निरक्षर, पण ते नाव ऐकलं की दोन्ही हात जोडायची. बियाणं निवडणारा माणूस तिच्या लेखी मोठा होता.

राखणीला पोरं आणि म्हातारी माणसं. आमच्याकडे पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसपर्यंत जातो, तेव्हा कडुनिंबाच्या सावलीत काठी घेऊन बसायचं, कावळे आणि शेळ्या हाकलायच्या, आणि गोष्टी ऐकायच्या. आमच्या घराचा इतिहास मला असा कळला, म्हणून तो तुटक आहे. मध्येच वावधन सुटे, धूळ उठे, कोणीतरी ओरडे, "पानी आलं, बाजा उचला!" आणि गोष्ट तिथंच राही. दुसऱ्या दिवशी आजी ती दुसऱ्याच ठिकाणाहून धरायची.

सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली गोष्ट छप्पनच्या दुष्काळाची, म्हणजे १८९९-१९०० सालची. आबाजींची आई तेव्हा लहान पोर होती. आजीनं ती सासूकडून ऐकली, मी आजीकडून. तीन-चार वर्षांपूर्वीच, १८९६-९७ मध्ये एक दुष्काळ येऊन गेलेला, घरात साठा उरलेला नाही, आणि पुन्हा पाऊस नाही. तलावाचा तळ भेगाळला. पणजीचे वडील सरकारी कामावर खडी फोडायला गेले. आजी म्हणायची ते परत आले, आत्या म्हणते आले नाहीत. आता विचारायला कोणी नाही. त्या साली बांबूला फुलोरा आला होता आणि लोकांनी बांबूचं बी भातासारखं शिजवून खाल्लं, असं पणजी सांगे. रानातले कडू कंद चिरून रात्रभर नाल्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायचे आणि कडूपणा गेला की उकडायचे. पण वाहतं पाणीच नव्हतं तर ते कसे धुतले, हे मी लहानपणी विचारलं होतं. आजी गप्प राहिली आणि मला एक कुरडई उलटी करायला सांगितली. १९०१ ची खानेसुमारी झाली तेव्हा चांदा जिल्ह्याची वस्ती दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली होती. हे मी पुष्कळ नंतर वाचलं. ती उतरती संख्या वाचताना खडी फोडायला गेलेला तो माणूस माझ्या डोळ्यांसमोरून हटेना.

त्या सालात पणजीच्या घराला तारलं ते मोहानं. म्हणून आमच्याकडे मोहाला फार मान. मार्च-एप्रिलात फुलं पहाटे गळतात. झाडाखालचा पाचोळा झाडून जागा साफ करायची आणि उजाडता उजाडता वेचायची. मोतिया रंगाची, रसानं टच्च फुगलेली फुलं बोटाला चिकटतात. दोन-तीन उन्हं खाल्ली की तांबूस होऊन मनुकेसारखी आक्रसतात. रानात ही वेळ अस्वलांचीही असते, आणि ब्रह्मपुरीच्या जंगलपट्ट्यात वाघाचीही. मोह वेचायला गेलेलं माणूस परतलं नाही, अशी घरं आमच्या ओळखीत आहेत. त्यामुळे आजी एकट्या बाईला कधी पाठवायची नाही. वाळल्या मोहाची लाखोरीसोबत घुगरी होई, भाकरीत मोह पडे, तिळासोबत कुटून लाडू होत. लाखोरीच्या विक्रीवर १९६१ मध्ये बंदी आली, कारण ती फार खाल्ली तर पाय लुळे पडतात. आजी ती भिजवून, उकळून, पहिलं पाणी फेकूनच वापरायची; हे तिला पणजीनं शिकवलेलं.

पणजीनं आणखी एक रीत घालून दिली होती. वाळल्या मोहाचं एक मडकं शेणामातीनं तोंड लिंपून माळ्यावर ठेवायचं आणि पुढच्या साली नवं मडकं भरल्याशिवाय जुनं फोडायचं नाही. घरात धान उतू जात असलं तरी नाही. माझ्या आईला त्या मडक्याचा संकोच वाटे. मोह म्हटला की बाहेरच्या माणसाला दारूच सुचते, कायद्यालाही तेच सुचलं, आणि साठवणीवर, वाहतुकीवर बंधनं होती. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि दारूनं मोडलेली घरं पाहिलेल्या बायांनी ती झगडून मिळवली. तिच्याविरुद्ध माझा शब्द नाही. पण मोह आमच्या घरात अन्न होता. २०२१ मध्ये राज्यानं मोहफुलांवरची ती बंधनं उठवली, तेव्हा आई म्हणाली, "तुह्या आजीनं आईकाले पाहिजे होतं."

मे महिन्यात आत्याच्या घरची मंडळी तेंदूपत्त्याला जात. सत्तर पानांचा एक पुडा. पहाटे रानात, दुपारी ओसरीवर पुडे बांधणं, संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून देणं. लग्नाचे कपडे, बियाणं, छपराची कवेलू या सगळ्याचा रोख पैसा त्यातून येई. आत्याचा नातू सांगतो की आता त्यांच्याकडच्या पुष्कळ ग्रामसभा पत्त्याचा लिलाव स्वतः करतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यानंतर ही वाट रुळली. आत्यानं आयुष्यभर दुसऱ्यानं ठरवलेल्या दरानं पुडे दिले.

अक्षय्य तृतीयेला, आजी तिला तीज म्हणायची, हे सगळं पहिल्यांदा ताटात येई. नागपूरचे काका-काकू नागभीडपर्यंत छोट्या रेल्वेनं यायचे, कोळशाची कणी डोळ्यात घेऊन. ती गाडी २०१९ मध्ये मोठ्या लाइनसाठी थांबवली. कुंभाराकडून नवी लाल करा-केळी आणायची, पाण्यानं भरायची, पितरांच्या नावानं पुजायची. ताटात चिंचवणी, वडे, नवी कुरडई, नवा पापड, शेवयांची खीर आणि सालातला पहिला आंबा. पितरांना दाखवल्याखेरीज आंबा घरात कोणी खाल्लेला मला माहीत नाही. पळसाच्या पत्रावळी आम्ही पोरांनी आदल्या रात्री टोचलेल्या असत. आबाजी पितरांची नावं मोठ्यानं घेत. पणजीच्या वडिलांचं नाव घेताना ते थोडे अडखळत, कारण ते नाव घरात दोन प्रकारे सांगितलं जाई. मग दोन्ही घेत.

तिजेच्या अगोदर रानातल्या टोलीवरून एक गोंड म्हातारी हमखास यायची. चारोळी, मध आणि दोन-चार टोपल्या घेऊन. आजी तिला 'बाई' म्हणे, ती आजीलाही 'बाई'च म्हणे. एकदा मी तिला कैरीची फोड दिली तर तिनं हात मागं घेतला. त्यांच्या गावात अजून मरका पंडुम व्हायचा होता. देवाला दिल्याशिवाय आंबा त्यांच्याकडेही चालत नव्हता. आजी खूश झाली. म्हणाली, "पाह्य, तिच्या घरीबी मोठ्यांले आधी." त्या दिवशी म्हातारीच्या टोपलीत कुरडया, पापड आणि मीठ भरून गेलं.

आजी गेली, मोठी माय गेली. बाजा आता दोनच निघतात, धोतरांच्या जागी प्लास्टिक अंथरतात, आणि गहू मिक्सरमधून फिरतो. वहिनी तरीही दरसाल घालते. पुण्याला नोकरीत असलेल्या तिच्या सुनेनं यंदा सुट्टी चैत्रात घेतली, चीक घोटायला शिकली आणि दांडा धरून धरून हाताला फोड आणला. त्या गोंड म्हातारीची नात बचत गटात आहे. चारोळी ती आता पाकिटात भरून विकते. आमच्या घरची चारोळी मात्र ती सुटी आणते. वहिनी तिला कुरडया देते. दोघी आधी फोनवर दिवस ठरवतात, आणि वजनकाटा दोघींपैकी कोणीच काढत नाही.