कापडाचा पन्हा आणि माणसाचे माप

डोंगरात, रानात मुक्कामाला जाणारी हौशी माणसे आपली हॅमक आपणच शिवतात. शिवायला बसले की पहिला प्रश्न मापाचा पडतो. कापड किती लांब घ्यावे आणि पन्हा किती असावा? वरवर पाहता हा शिंप्याचा प्रश्न आहे. परंतु या टांगत्या बिछान्याचे माप आजवर कोणी ठरवले आणि कोणाच्या सोयीसाठी ठरवले, याचा शोध घेतला तर त्यातून पाच शतकांचा इतिहास उलगडतो, असे आम्हांस वाटते.

हॅमक हा शब्द मूळचा इंग्रजी नव्हे. कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांचा 'हामाका' हा शब्द स्पॅनिश भाषेने उचलला आणि तिच्याद्वारे तो युरोपभर पसरला. कोलंबसाच्या रोजनिशीचा जो गोषवारा बार्तोलोमे दे लास कासास याने करून ठेवला, त्यात ३ नोव्हेंबर १४९२ च्या नोंदीत कापसाचे सूत आणि झोपण्याची जाळी घेऊन देवघेवीसाठी आलेल्या होड्यांचा उल्लेख आहे. त्या जाळ्यांचे नावही तेथे नोंदलेले आहे. पुढे ओव्हिएदो या इतिहासकाराने १५३५ मध्ये सेव्हिल येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हॅमकचे चित्रच छापले. वस्तूचे वर्णन असे ग्रंथात चढत होते, आणि ती विणणारा समाज मात्र रोगराई, सक्तीची मजुरी व हिंसा यांनी काही दशकांतच उद्ध्वस्त झाला. ताइनोंचे वंशज आजही आहेत, परंतु त्यांची भाषा बोलण्यातून गेली. हरिकेन, कनू, बार्बेक्यू, हॅमक अशी काही नामे तेवढी जेत्यांच्या भाषांत उरली.

भाषेच्या अभ्यासकांनी येथे थोडे थांबावे. १५०० साली ब्राझीलच्या किनाऱ्यावरून पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहिणाऱ्या पेरो व्हाझ दे कामिन्याने घरातील खांबांना बांधलेले, खाली शेकोटी पेटवलेले हे बिछाने पाहिले. त्याच्यापाशी त्यांना नाव नव्हते. त्याने मासेमारीच्या जाळ्याचा शब्द, 'रेदे', त्यांना लावला आणि ब्राझीलमध्ये तोच रूढ झाला. डचांनी तर 'हामाका'चे 'हांगमाट' केले, म्हणजे टांगलेली चटई. लोकव्युत्पत्तीचे इतके चोख उदाहरण क्वचितच सापडते. परका शब्द असा आपल्या घरचा वाटू लागला की तो कोणाचा होता हे विचारण्याची गरजच उरत नाही.

वस्तूचेही तसेच झाले. १५९७ मध्ये इंग्लंडच्या आरमाराने खलाशांसाठी टांगते बिछाने स्वीकारले. जहाज हेलकावले तरी झोपलेला माणूस फळीवरून गडगडत नसे, आणि दिवसा बिछाना गुंडाळून ठेवला की तोफांभोवतीची जागा मोकळी होई. परंतु सुताच्या ऐसपैस विणीऐवजी आता तागासारख्या जाड्याभरड्या कापडाचा तुकडा आला. विल्यम फॉल्कनरच्या १७६९ च्या सागरी शब्दकोशात त्याचे माप सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद असे दिले आहे. टांगण्यासाठी दर माणशी जागा मिळे ती चौदा इंच. पाळ्या आलटून पालटून असल्याने शेजारचा बिछाना बरेचदा रिकामा असे, एवढीच काय ती सवलत. येथे माप माणसाचे घेतलेले नव्हते, जहाजाचे घेतलेले होते. खलाशी समुद्रात मरण पावला तर त्याच बिछान्यात तोफगोळे घालून त्याला शिवून टाकीत आणि समुद्राला अर्पण करीत. झोपेचे कापड आणि कफन एकच.

अरुंद कापडात वाईट काय, हे अंगाला कळते. अशा हॅमकमध्ये माणूस मधोमध सरळच पडून राहतो, पाठ केळीसारखी वाकते आणि खांदे आवळले जातात. युकातानमध्ये आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यात हॅमक रुंद विणतात, कारण तेथे माणूस तिच्यात तिरका निजतो. तिरके निजले की पाठ जवळपास सपाट राहते. आज घरी शिवणारे याच जुन्या जाणिवेकडे परतले आहेत. मध्यम उंचीच्या माणसाला तयार हॅमक साधारण दहा फूट लांब लागते, सहा फुटी माणसाला अकरा. पन्हा पाच फुटांच्या आसपास असला की तिरके होता येते. लांब कडा दोनदा दुमडून शिवायच्या. दोन्ही टोकांना नेफा घालून तो पॉलिएस्टरच्या दोऱ्याने दोन-तीन ओळींत पक्का करायचा आणि त्यातून दोरी ओवून कापड चुणून घ्यायचे. टांगताना दोरी आडव्या रेषेशी सुमारे तीस अंशांचा कोन करील इतकी सैल ठेवावी. अशा वेळी प्रत्येक बाजूवर ताण निजणाऱ्याच्या वजनाइतका येतो. दोरी ताणून कोन दहा अंशांवर आणला तर तोच ताण जवळजवळ तिप्पट होतो. ताठपणाची किंमत झाड, दोरी आणि शिवण या तिघांना मोजावी लागते.

तरीही मोठे माप मिळाले म्हणजे मान मिळाला, असे नव्हे. ईशान्य ब्राझीलमध्ये शवपेटी न परवडणाऱ्या गरिबांची प्रेते हॅमकमधूनच वाहून नेत. पोर्तिनारीने १९४४ मध्ये हे दृश्य रंगवले. जुआँव काब्राल दे मेलो नेतो यांच्या १९५४-५५ मध्ये लिहिलेल्या 'मोर्ते ई व्हिदा सेव्हेरिना' या नाट्यकाव्यातही नायकाला वाटेवर प्रथम भेटतात ती असेच प्रेत खांद्यावरून नेणारी माणसे. 'रेद दे दोर्मिर' या विषयावर कामारा कास्कुदो यांनी १९५९ मध्ये स्वतंत्र ग्रंथच लिहिला. रोजच्या वापरातली साधी वस्तू विद्वत्तेचा विषय होऊ शकते, हे त्यातून दिसले.

मराठीत या वस्तूला सर्वांत जवळचा शब्द झोळी. तिचे हॅमकशी वंशाचे नाते नाही. नाते आहे ते कामाचे. ऊसतोडीच्या फडाशेजारी बाभळीला बांधलेली जुन्या लुगड्याची झोळी तान्ह्या बाळाला निजवते. रस्ता नसलेल्या पाड्यावरून आजारी माणसाला दवाखान्यात आणतात तेही झोळीतून. आणि भिक्षेकऱ्याच्या खांद्यावर असते तीही झोळीच. आई ती बांधताना मोजपट्टी घेत नाही. बाळाचे वजन हाताला ठाऊक असते, आणि त्यावरून गाठ किती खाली सोडायची ते ठरते.

आमच्या मते मापाचा प्रश्न येथे खरा सुटतो. कापड किती फूट घ्यावे याचे उत्तर कोष्टकात मिळेल. पण ते कोष्टक निजणाऱ्याच्या अंगावरून काढले आहे की निजवणाऱ्याच्या सोयीवरून, हे आधी तपासावे. चौदा इंचांचा हिशेब करणारा कोणी दुष्ट नव्हता, तो जहाजाचा हिशेब चोख ठेवत होता. त्या हिशेबात तिरके निजण्याला जागा नव्हती, इतकेच.