काठी पाहुण्याची, होडी तांडेलाची

खोल समुद्रात गळाने मोठा मासा धरण्याच्या खेळाला जगभर मान्य असलेला एक नियम आहे. मासा गळाला लागल्यापासून तो हाती येईपर्यंत काठीला, रिळाला किंवा दोऱ्याला मासेमाराखेरीज दुसऱ्या कोणाचा हात लागता कामा नये. लागला, तर मासा केवढाही असो, विक्रमांच्या वहीत त्याला जागा नाही. गळाजवळचा जाड दोर होडीच्या काठाशी आला, की तेवढा मात्र खलाशाने धरायचा. तोवर सगळी झुंज एकट्याची.

नियम सरळ आहे आणि आपल्या जागी योग्यही आहे. पण त्यात होडीचा उल्लेख ‘हात’ म्हणून होत नाही. मासा कुठे मिळेल हे होडीवाला ठरवतो. आमिष तो किंवा त्याचा खलाशी बांधतो. मासा खोल गेला तर कोणत्या अंगाने वळायचे, दोरा संपत आला तर उलट्या चालीने किती वेगाने मागे धावायचे, हे सुकाणूवरचा माणूस जाणतो. काठी धरून बसलेला पाहुणा बरेचदा त्या समुद्रावर पहिल्यांदाच आलेला असतो. त्याने होडी दिवसाच्या बोलीने भाड्याने घेतलेली असते. आपल्या किनाऱ्यावर ज्याला तांडेल म्हणतात, त्या माणसाचे या खेळातले स्थान गेल्या सव्वाशे वर्षांत कसे घडले, हा या लेखाचा विषय आहे.

अ‍ॅव्हलॉनची सुरुवात

या खेळाचा रीतसर आरंभ कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरच्या सांता कॅटलिना बेटावर झाला, असे मानले जाते. बेटावरचे अ‍ॅव्हलॉन हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवापालटाचे गाव होते. मुख्य भूमीवरून आगबोटीने लोक येत, तंबूंत किंवा हॉटेलांत उतरत आणि स्थानिक नावाड्यांच्या होड्या भाड्याने घेऊन समुद्रावर जात. मासा विपुल होता. जाड हातदोरीने भराभर मासे ओढायचे, फोटो काढायचे आणि ढीग टाकून द्यायचा, असा प्रकार चाले.

चार्ल्स फ्रेडरिक होल्डर या निसर्गअभ्यासकाला ही नासाडी खटकत होती. १ जून १८९८ रोजी त्याने काठी-रिळाने १८३ पौंडांचा, म्हणजे सुमारे ८३ किलोंचा, ब्लूफिन टूना धरला. आपल्याकडच्या कुप्याचा हा धिप्पाड भाऊबंद. माशाने काही तास होडी समुद्रावर ओढत नेली. त्याच महिन्यात होल्डर आणि त्याच्या सोबत्यांनी अ‍ॅव्हलॉनमध्ये ‘टूना क्लब’ स्थापन केला. काठी केवढी, दोरा किती बारीक, याचे नियम ठरले. माशालाही निसटण्याची संधी हवी, हे त्यामागचे तत्त्व. शंभर पौंडांवरचा टूना नियमाप्रमाणे धरणाऱ्याला क्लब निळे बटण देई आणि ते कोटावर लावून मिरवण्यात मोठी प्रतिष्ठा होती.

या तत्त्वाचा एक परिणाम फारसा कोणी बोलून दाखवला नाही. हातदोरी जाड होती तोवर माणसाच्या दंडातले बळ पुरत होते. दोरा बारीक झाला तशी होडीची गरज वाढली. बारीक दोऱ्यावर मोठा मासा टिकवायचा तर होडी माशाच्या मागे अचूक फिरली पाहिजे. पाहुण्यांसाठी खेळ अवघड करणाऱ्या नियमांनी नावाड्याचे कसब अनिवार्य केले.

पतंग आणि रीळ

कॅटलिनाच्या नावाड्यांमध्ये जॉर्ज फार्न्सवर्थ हे नाव सर्वांत मोठे. टूना पृष्ठभागावर उडणाऱ्या माशांचा पाठलाग करतो, पण होडीच्या यंत्राचा आवाज आणि मागचा फेसाळ पट्टा यांना तो बुजतो. फार्न्सवर्थने १९०९ च्या सुमारास यावर तोड काढली: पतंग. होडीवरून पतंग उडवायचा, त्याच्या दोरीला गळाचा दोरा अडकवायचा आणि आमिष होडीपासून दूर, स्वच्छ पाण्यावर अलगद नाचवायचे. उडणारा मासा पाण्यातून उसळावा तसे ते दिसे आणि टूना फसे. इंडोनेशियाच्या बेटांवर आणि प्रशांत महासागरात पानांच्या पतंगांनी मासेमारी फार जुनी आहे. कॅटलिनात तिने खेळाची रीतच बदलून टाकली.

त्या काळचे रीळ म्हणजे शिक्षाच होती. मासा पळाला की रिळाची मूठ उलटी गरगरे आणि बोटे फोडी. दोऱ्याला अटकाव करायचा तर चामड्याचा तुकडा अंगठ्याने रिळावर दाबून धरायचा. विल्यम बोशेन या मासेमाराच्या कल्पनेवरून न्यूयॉर्कच्या व्हॉम होफे यांच्या कारखान्याने रिळाच्या आत घर्षणाचा ब्रेक बसवला. मूठ स्थिर राही आणि दोरा मोजक्या ताणाने सुटत जाई. १९१३ साली बोशेनने ३५५ पौंडांचा तलवार मासा धरला. काठी-रिळाने धरलेला हा पहिला तलवार मासा. तेव्हा होडी फार्न्सवर्थचीच होती. रिळाच्या इतिहासात बोशेनचे नाव पक्के झाले. फार्न्सवर्थचे नाव मात्र बराच काळ अ‍ॅव्हलॉनच्या धक्क्यावरच्या गप्पांत राहिले.

१९२९ मध्ये विन्स्टन चर्चिल अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना कॅटलिनाला आले आणि एका सफरीत १८८ पौंडांचा मार्लिन धरून परतले. वर्षानुवर्षे तिथे खेटे घालणाऱ्या मासेमारांना जे साधत नसे, ते पाहुण्याला एका दिवसात साधले. यात नशीब होतेच. पण त्या नशिबाला पाण्यावर योग्य जागी नेऊन उभे करणारा कोणीतरी होता.

संशयाचे प्रकरण

हात कोणाचा, या प्रश्नाने टूना क्लबातही एकदा वादळ उठवले. ‘वेस्टर्न’ कादंबऱ्यांनी अमाप पैसा मिळवलेला लेखक झेन ग्रे हा क्लबचा सदस्य. तलवार मासा हा त्याचा ध्यास. दिवसेंदिवस समुद्र पालथा घालून त्याने ४१८ पौंडांचा तलवार मासा मिळवला आणि त्याचा त्याला फार अभिमान होता. १९२१ साली श्रीमती कीथ स्पॉल्डिंग या सडपातळ बाईंनी ४२६ पौंडांचा तलवार मासा आणला. एवढ्या नाजूक बाईला हे एकटीने जमले असेल, यावर ग्रेचा विश्वास बसला नाही. त्याने तशी शंका उघड बोलून दाखवली. क्लबने त्याच्याकडे माफीनामा मागितला आणि अखेरीस त्याचा क्लबशी संबंध तुटला.

या प्रकरणात लक्ष वेधून घेते ती ग्रेच्या शंकेची दिशा. बाईंना नावाड्याने मदत केली असेल, असे त्याला वाटले. स्वतःच्या माशाबाबत मात्र असा प्रश्न त्याला पडला नाही. त्याच्याही होडीवर पगारी नावाडी होते आणि मासा हुडकून काढणारे डोळे त्यांचेच असत. पुरुषाच्या हातातली काठी हे कर्तृत्व आणि बाईच्या हातातली काठी हा संशय, असा तो हिशेब होता.

पुढे ग्रे न्यूझीलंड आणि ताहितीपर्यंत गेला. १९३० मध्ये ताहितीजवळ त्याने धरलेल्या मार्लिनचे वजन १,०४० पौंड भरले. हजार पौंडांवरचा, काठी-रिळाने धरलेला हा पहिला मासा. पण झुंजीदरम्यान शार्कांनी त्याचे लचके तोडले होते, आणि असा मासा विक्रमाला बाद ठरतो.

हवानाचे गुरू

विसाच्या आणि तिसाच्या दशकात खेळाचे केंद्र अटलांटिककडे सरकले. फ्लोरिडातल्या टॉमी गिफर्डसारख्या भाड्याच्या होड्यांच्या कप्तानांनी होडीच्या दोन्ही अंगांना पंखांसारखे लांब बांबू फाकवून त्यांवरून आमिषे लांब ओढायची पद्धत रुळवली. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक शिकारी होडीला असे पंख दिसतात.

अर्नेस्ट हेमिंग्वे या खेळात शिरला तो भाड्याच्या होडीतूनच. १९३२ साली की वेस्टच्या जो रसेलची ‘अनिता’ घेऊन तो हवानाला गेला. रसेल हा दारूबंदीच्या काळात चोरट्या दारूच्या खेपा करणारा माणूस. आखाती प्रवाह त्याच्या तळहातावर होता. दोन वर्षांनी हेमिंग्वेने स्वतःची ३८ फुटी ‘पिलार’ बांधून घेतली. तिच्यावरचा पहिला क्युबन साथी कार्लोस गुतिएरेस हा हवानाचा व्यावसायिक कोळी, उन्हाळ्यात बाजारासाठी मार्लिन धरणारा. लहान होडीतून प्रवाहाबरोबर वाहत जायचे, वेगवेगळ्या खोलीवर हातदोऱ्या सोडायच्या आणि मार्लिनची वाट पाहायची, ही तिथल्या कोळ्यांची रीत. कोणत्या महिन्यात कोणता मार्लिन येतो, प्रवाह किती जवळ आला की मासा वर चढतो, हे ज्ञान त्यांच्याकडे होते. हेमिंग्वेने ते मागून घेतले आणि मोकळेपणाने लिहूनही ठेवले.

एक म्हातारा कोळी प्रचंड मार्लिनच्या ओढीने दूर समुद्रात गेला आणि त्याचा मासा शार्कांनी खाल्ला, ही हकिगत गुतिएरेसने त्याला सांगितली. १९३६ मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकातल्या एका लेखात ती काही ओळींत आली. १९५२ मध्ये तिची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ झाली आणि पु. ल. देशपांडे यांच्या ‘एका कोळियाने’ या अनुवादातून ती मराठी वाचकांच्या घरी पोचली. म्हणजे आपण वाचलेल्या त्या म्हाताऱ्याच्या मुळाशी हवानाच्या धक्क्यावरची एक ऐकीव गोष्ट आहे. त्या म्हाताऱ्याच्या हाती काठी-रीळ नव्हते, हातदोरी होती. मासा त्याच्यासाठी पोटाचा प्रश्न होता.

१९३४ मध्ये फिलाडेल्फियाच्या निसर्गविज्ञान अकादमीचे हेन्री फाउलर ‘पिलार’वर मार्लिनच्या अभ्यासासाठी आले. पुढच्या वर्षी त्यांनी एका नव्या माशाला हेमिंग्वेचे नाव दिले. शास्त्राच्या नावांत हेमिंग्वे अमर झाला. गुतिएरेसचे नाव हेमिंग्वेच्या लेखांतच शोधावे लागते. त्याच्यानंतर ‘पिलार’वर आलेला ग्रेगोरियो फुएन्तेस मात्र २००२ साली, १०४ व्या वर्षी वारला, तेव्हा त्याची बातमी जगभर छापली गेली.

वही आणि वहीबाहेरचे

१९३९ साली न्यूयॉर्कच्या निसर्गइतिहास संग्रहालयात आंतरराष्ट्रीय गेमफिश संघटनेची स्थापना झाली. पुढाकार मायकेल लर्नर या उद्योजकाचा, अध्यक्ष संग्रहालयातले शास्त्रज्ञ विल्यम किंग ग्रेगरी. विक्रम तपासणारी जगाची एकच वही तयार झाली. ४ ऑगस्ट १९५३ रोजी पेरूच्या काबो ब्लांकोसमोर आल्फ्रेड ग्लासेल या टेक्सासच्या तेलव्यावसायिकाने १,५६० पौंडांचा, म्हणजे सुमारे ७०८ किलोंचा, काळा मार्लिन धरला. त्या जातीचा तो विक्रम अजून मोडलेला नाही.

कप्तानाचे नाव अग्रभागी आल्याचे एक उदाहरण ऑस्ट्रेलियात सापडते. जॉर्ज ब्रॅन्सफर्ड हा अमेरिकन माणूस केर्न्सला स्थायिक झाला आणि या पाण्यात हजार पौंडी मार्लिन आहे, असा ध्यास घेऊन होडी बांधून उतरला. १९६६ मध्ये त्याच्या ‘सी बेबी’वर १,०६४ पौंडांचा मार्लिन मिळाला. काठी रिचर्ड ओबाखच्या हाती होती. तरी केर्न्सच्या इतिहासात ती घटना ब्रॅन्सफर्डच्या नावाने सांगितली जाते. त्या दिवसानंतर तिथे भाड्याच्या होड्यांचा मोठा व्यवसाय उभा राहिला.

याहून बोलके उदाहरण हवाईचे. १० जून १९७० रोजी होनोलुलुहून कॉर्नेलियस चॉय या कप्तानाची ‘कोरीन सी’ ही भाड्याची होडी पर्यटकांना घेऊन निघाली. त्या दिवशी गळाला लागलेल्या निळ्या मार्लिनचे वजन १,८०५ पौंड, सुमारे ८१९ किलो, भरले. त्याच्या पोटातून दीडशे पौंडांहून मोठा टूना निघाला. काठी-रिळाने धरलेला याहून मोठा मार्लिन आजवर नोंदला गेलेला नाही. पण काठीला एकाहून अधिक जणांचे हात लागले होते, म्हणून वहीत तो नाही.

हवाईतले लोक या माशाला ‘चॉयचा राक्षस’ म्हणतात. वहीतल्या माशांपुढे काठी धरणाऱ्याचे नाव असते. वहीने नाकारला, म्हणून या माशाला धक्क्यावरच्या लोकांनी नाव दिले, आणि त्यांनी ते होडीवाल्याचे दिले. आत कोणाकोणाचे हात होते हे त्यांना ठाऊक होते. मासा कोणाचा, याबद्दल मात्र त्यांच्या मनात शंका नव्हती.

सोडलेला मासा

१९५४ पासून वुड्स होल येथील फ्रँक मॅथर यांनी मासेमार आणि कप्तान यांच्या मदतीने मोठ्या माशांना खुणेच्या चिठ्ठ्या लावून सोडण्याचा उपक्रम चालवला. ब्लूफिन टूना अटलांटिक ओलांडून जातो, याचे पुरावे अशा चिठ्ठ्यांतून मिळाले. माशांची संख्या घटत गेली तशी ‘धरा आणि सोडा’ ही रीत पसरली. १९८८ मध्ये अमेरिकेने अटलांटिकच्या मार्लिनच्या विक्रीवर बंदी आणली.

या बदलाचा एक परिणाम कोणी ठरवून घडवलेला नाही. मासा धक्क्यावर येत नाही, तेव्हा त्याला टांगून वजन करता येत नाही. मग तो धरला गेला, हे कशावरून मानायचे? अनेक स्पर्धांनी याचे उत्तर असे दिले: खलाशाचा हात गळाजवळच्या जाड दोराला लागला, की मासा धरला असे समजायचे. मग गळ काढून किंवा दोर कापून त्याला सोडून द्यायचे. ज्या खेळाने दुसऱ्याचा हात दोऱ्याला लागू नये म्हणून नियम केले, त्यातच आता मासा धरल्याची खूण म्हणून त्या दुसऱ्या हाताची साक्ष घेतली जाते. पाहुणा दमून खुर्चीत मागे रेलतो, आणि काठावर वाकलेला खलाशी मोजक्या क्षणांपुरता माशाच्या डोळ्यात पाहतो. विक्रमाच्या वहीला त्याचे नाव लागत नाही. समुद्रात परतणाऱ्या माशाला शेवटचा स्पर्श मात्र त्याचाच असतो.