सेनापती बापट रस्ता ते बालेवाडी

पुण्यात पुतळे पुष्कळ आहेत, आणि बहुतेक राजांचे नाही तर पुढाऱ्यांचे. सेनापती बापट रस्त्यावर सिम्बायोसिसच्या आवारात २००१ साली उभा राहिलेला ब्राँझचा पुतळा मात्र ज्याला नावच नाही अशा माणसाचा आहे. धोतर, चौकड्यांचा कोट, गोल चष्मा, आणि तोंडातून एक शब्द नाही. आर. के. लक्ष्मण यांचा हा ‘कॉमन मॅन’. बालेवाडीच्या लक्ष्मण संग्रहालयाची वाटचाल मी या पुतळ्यापासून मोजतो.

लक्ष्मण मूळचे म्हैसूरचे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टने त्यांना प्रवेश नाकारला होता. मुंबईत ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये काही काळ, तिथे सहकारी बाळ ठाकरे; मग १९४७ पासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पन्नासहून अधिक वर्षं. १९५१ मध्ये ‘यू सेड इट’ ही रोजची छोटी चौकट सुरू झाली. आयुष्याच्या उतरणीला ते पुण्यात राहायला आले.

त्यांनी काय केलं हे नीट कळायला पॅरिसकडे पाहावं लागतं. १८३० मध्ये शार्ल फिलिपाँ यांनी ‘ला कारिकात्यूर’ हे साप्ताहिक काढलं आणि लुई-फिलिप राजाचा चेहरा हळूहळू नासपती होत गेलेला दाखवला. बघता बघता शहराच्या भिंतींवर पोरंटोरं नासपत्या काढू लागली. राजाला खादाड राक्षस केल्याबद्दल ओनोरे दोमिए तुरुंगात गेले. १८३५ च्या कायद्याने तर चित्र छापण्याआधी सरकारची परवानगी सक्तीची झाली; लेखांना तशी अट नव्हती. शब्दांपेक्षा रेषेची धास्ती अधिक! ते जोखड कायमचं उतरलं १८८१ च्या मुद्रण कायद्याने. त्याच वर्षाच्या जानेवारीत आपल्याकडे ‘केसरी’ निघाला होता.

फ्रेंच चित्रकारांनी राजाला लहान केलं. लक्ष्मण यांनीही मंत्री-पुढाऱ्यांना सोडलं नाही, पण चौकटीच्या कडेला त्यांनी एक साक्षीदार उभा केला. सगळं पाहणारा, काहीच न बोलणारा. पुढारी आले, गेले, तो राहिला. आपल्या लोकशाहीला व्यंगचित्राने दिलेली ही सर्वांत मोठी देणगी आहे, असं मला मनापासून वाटतं.

७ जानेवारी २०१५ ला पॅरिसमध्ये ‘शार्ली एब्दो’ या व्यंगसाप्ताहिकाच्या कचेरीवर हल्ला झाला. मृतांत काबू आणि वोलिन्स्की हे जुने, जाणते व्यंगचित्रकार होते. त्यानंतर तीन आठवडेही उलटले नव्हते, तोच २६ जानेवारीला, प्रजासत्ताक दिनी, लक्ष्मण पुण्यात गेले. त्यांचं पार्थिव सिम्बायोसिसमध्ये त्या पुतळ्याजवळ ठेवलं होतं. तिथून वैकुंठ स्मशानभूमी.

पुणे महापालिकेच्या बालेवाडीतल्या संग्रहालयाचं उद्घाटन ६ मार्च २०२२ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झालं. त्याच दौऱ्यात पुणे मेट्रोही सुरू झाली. इथलं मुख्य आकर्षण म्हणजे मालगुडीची छोटी प्रतिकृती, दृक्‌श्राव्य तंत्राने बोलती केलेली. मालगुडी थोरल्या भावाचं, आर. के. नारायण यांचं; त्या गावाला चेहरे दिले धाकट्याने. मुलांचे पाय तिथे रेंगाळावेत हे साहजिकच. पण संग्रहालयाचा खरा जीव भिंतीवरच्या चित्रांत आहे, आणि त्यांना जपायचं तर कागद जपून भागणार नाही. रोजच्या व्यंगचित्राला तारीख लागते. त्या सकाळी पहिल्या पानावर काय होतं, कशाचे भाव चढले होते, कोणतं सरकार डळमळत होतं, हे ठाऊक असेल तरच त्यातली रेघ बोलते. १९७५ चं चित्र पाहणाऱ्या आजच्या मुलीला आणीबाणी कोणीतरी शेजारी उभं राहून सांगायला हवी.

पुण्यातल्या ज्या घरांत ‘यू सेड इट’ची कात्रणं वहीत जपलेली असतील, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. आणि पानावरून सोडवताना पाठीमागची बाजूही सांभाळावी. तिथे त्या दिवसाचा बाजारभाव असतो, सिनेमाची अर्धी जाहिरात असते.