प्रस्तावना: यंत्र, माती आणि नोंद

इंग्लंडमध्ये ऑगस्टअखेर गव्हाची कापणी उरकली, की शेतमालकाची परवानगी घेतलेले हौशी शोधक मोकळ्या रानात उतरतात. कानाला हेडफोन, हातात लांब दांड्याचा मेटल डिटेक्टर आणि कमरेला हातखुरपे. दांड्याच्या टोकाची कॉइल जमिनीलगत डावी-उजवीकडे फिरवत ते तासन्‌तास चालतात. हाती लागतात ते बहुधा गंजके खिळे, शिशाचे तुकडे, कोटाची जुनी बटणे. एखाद्या दिवशी मात्र मध्ययुगातली, नखाएवढ्या जाडीची चांदीची पेनी मातीतून वर येते. या छंदाभोवती आज एक चांगले भरीव ज्ञानक्षेत्र उभे राहिले आहे. त्यात विद्युतचुंबकशास्त्र आहे, मातीचा अभ्यास आहे, नाणकशास्त्र आणि कायदाही आहे. या क्षेत्रात मराठी वाचकाचे मनापासून स्वागत करावे, यासाठी हे पुस्तक.

पुस्तकाचा विषय मुद्दाम मर्यादित ठेवला आहे. साधारण २५० ते ७०० पौंडांच्या दरम्यान मिळणाऱ्या डिटेक्टरांची तुलना, एवढाच. त्याहून स्वस्त यंत्रे शिकण्यापुरती ठीक, त्याहून महाग यंत्रे मुरलेल्यांची. नव्याने गंभीरपणे या छंदाकडे वळणारा माणूस याच मधल्या पट्ट्यात खरेदी करतो आणि नेमका इथेच गोंधळतो. प्रत्येक कंपनी खोलीचे, वारंवारतेचे, कार्यपद्धतींचे आकडे देते. पण ते आकडे कोणत्या जमिनीतले, हे क्वचितच सांगते. या पुस्तकाचे म्हणणे एका वाक्यात मांडता येते: परिस्थितीची नोंद नसेल, तर तुलनेलाही अर्थ नाही आणि सापडलेल्या वस्तूलाही नाही.

या क्षेत्राचा पहिला धडा १८८१ सालचा आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर त्या वर्षी जुलैत गोळी झाडली गेली. शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी विद्युत प्रवर्तनावर चालणारे यंत्र तयार केले. यंत्राचे तत्त्व अचूक होते, तरी गोळी सापडली नाही. गादीतल्या पोलादी स्प्रिंगा यंत्राला चकवत होत्या, आणि डॉक्टरांनी शोध घेऊ दिला तो शरीराच्या उजव्या बाजूला. गोळी डावीकडे होती. सप्टेंबरात गारफिल्ड वारले. आजूबाजूचे लोखंड आणि चुकीची जागा, हे दोन शत्रू शोधकाच्या पाठीस तेव्हापासून लागलेले आहेत.

पुढे १९३० च्या दशकात गेरहार्ड फिशर यांनी अमेरिकेत हाती नेता येईल असा डिटेक्टर बाजारात आणला. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अभियंता युझेफ कोसात्स्की यांनी ब्रिटनमध्ये तयार केलेला सुरुंगशोधक १९४२ मध्ये अल अलामेनच्या वाळवंटात वापरला गेला. १९६४ मध्ये चार्ल्स गॅरेट यांनी टेक्ससमध्ये कंपनी काढली, आणि सैनिकाच्या हातातले यंत्र छंदिष्टाच्या आवाक्यात येऊ लागले.

यंत्राचे काम थोडक्यात असे चालते. कॉइलमधल्या एका वेटोळ्यातून प्रत्यावर्ती प्रवाह सोडला जातो. त्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जमिनीतल्या धातूत भोवरी प्रवाह निर्माण होतात. त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षेत्र दुसऱ्या वेटोळ्याला जाणवते. संदेश किती उशिरा, म्हणजे किती कलांतराने आला, यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधते आणि पडद्यावर आकडा दाखवते. कमी वारंवारता जाड चांदीला चांगली दाद देते, जास्त वारंवारता बारीक सोन्याला आणि पातळ तुकड्यांना. गॅरेटचे एस ४०० आय १० किलोहर्ट्झवर चालते, तुर्कस्तानच्या नोक्ताचे सिम्प्लेक्स प्लस १२ वर, गॅरेटचेच एटी प्रो १५ वर. तिन्ही एका वारंवारतेची, तिन्ही आपापल्या जागी उत्तम.

या किमतीच्या पट्ट्यात खरी उलथापालथ झाली ती २०१८ मध्ये. ऑस्ट्रेलियाच्या माइनलॅबने इक्विनॉक्स ६०० आणि ८०० ही यंत्रे बाजारात आणली. एकाच वेळी अनेक वारंवारतांवर काम करण्याची क्षमता तोवर महागड्या यंत्रांपुरती होती. ती मधल्या किमतीत उतरली. काही वर्षांतच गॅरेटचे एपेक्स आणि नोक्ताचे द लेजंड त्याच वाटेने आले. ओल्या समुद्रकिनाऱ्यावर या बदलाचे मोल चटकन कळते. खारे पाणी स्वतःच विजेचे वाहक असल्याने एका वारंवारतेचे यंत्र तिथे सारखे कुरकुरत राहते. अनेक वारंवारतांचे यंत्र संदेशांची आपसात पडताळणी करून मिठाचा परिणाम बराचसा वजा करते. इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या कोरड्या, सौम्य मातीत मात्र हा फरक पुष्कळ कमी होतो. म्हणून ‘कोणता डिटेक्टर चांगला?’ या प्रश्नाआधी ‘कुठे फिरणार?’ हा प्रश्न विचारायला हवा.

मातीचा हा मुद्दा मराठी वाचकाला समजावून द्यावा लागू नये. दख्खनची काळी जमीन बसॉल्टच्या झिजेतून तयार झाली आहे आणि तिच्यात चुंबकीय लोहखनिजाचे कण आहेत. अशा मातीत सारी जमीनच यंत्राला बारीक आवाजात उत्तर देते. तो आवाज वजा करण्याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. कॉइल जमिनीजवळ वर-खाली हलवत यंत्राला तिथल्या मातीची ओळख करून द्यायची असते. ज्या यंत्रात हे समायोजन हाताने करता येते आणि ज्यात ते कायमचे ठरवून दिलेले असते, त्या दोघांतले अंतर सौम्य मातीत दिसतच नाही; खनिजयुक्त मातीत ते वीतभर खोलीचे होऊ शकते.

पडद्यावरच्या आकड्यांबाबतही असेच. एस ४०० आय ० ते ९९ या मोजपट्टीवर बोलते, इक्विनॉक्स ८०० उणे ९ ते ४० या पट्टीवर. एकाचा आकडा दुसऱ्याला लावून तुलना करणे म्हणजे तोळा आणि शेर यांची बेरीज. शिवाय सोन्याची अंगठी आणि पेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी पुष्कळदा एकाच आकड्यावर येतात. जो कडी टाळायची म्हणून तो आकडा बंद करतो, तो अंगठीवरही पाणी सोडतो.

तुलनेची एक साधी कसोटी इथे जवळून पाहू. लाकडाच्या फळीवर चार गंजके खिळे ठेवावेत आणि त्यांच्या मधोमध एक छोटे नाणे. कॉइल फळीवरून चार दिशांनी, एकाच वेगाने फिरवावी. काही यंत्रांना चारही दिशांनी नाण्याचा स्वच्छ स्वर मिळतो. काहींना दोनच दिशांनी. काही खिळ्यांच्या खरखरीत नाणे पार हरवून बसतात. एका संदेशातून सावरून दुसऱ्याकडे वळायला यंत्राला किती वेळ लागतो, ते या कसोटीत उघड होते. आता २८ सेंटीमीटरची कॉइल काढून १५ सेंटीमीटरची लावावी. तेच यंत्र वेगळेच वागते, कारण लहान कॉइलखाली एका वेळी कमी खिळे येतात. मोठी कॉइल खोल जाते, लहान कॉइल गर्दीतून वाट काढते. रोमन वस्तीच्या खिळ्यांनी भरलेल्या शेतात दुसरा गुण पहिल्यापेक्षा मोलाचा. हवेत नाणे धरून मोजलेल्या खोलीला या पुस्तकात म्हणूनच कमी महत्त्व दिले आहे. प्रत्येक निकालासोबत माती, ओल, कॉइल आणि यंत्राची मांडणी यांची नोंद आहे.

नोंदीची हीच शिस्त वस्तू सापडल्यावर कामी येते. नोव्हेंबर १९९२ मध्ये सफोक परगण्यातल्या हॉक्सन गावी एरिक लॉज आपल्या शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होते. त्यांना रोमन नाणी आणि सोने लागले. थोडे काढून झाल्यावर ते थांबले आणि त्यांनी अधिकाऱ्यांना कळवले. पुरातत्त्वज्ञांनी उरलेला ठेवा जागच्या जागी, रचनेसकट उकलला: जवळपास १५,००० नाणी आणि ती ज्या लाकडी पेटीत ठेवली होती तिच्या खुणाही. हातोडाही सापडला, तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यानंतर आलेल्या १९९६ च्या ट्रेझर कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये अशा ठेव्याची वर्दी १४ दिवसांत देणे बंधनकारक केले. १९९७ पासून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम साध्या वस्तूंचीही ऐच्छिक नोंद घेते; तिच्या नोंदवहीत पंधरा लाखांहून अधिक वस्तू आहेत. छंदिष्ट आणि पुरातत्त्वज्ञ पूर्वी एकमेकांकडे संशयाने पाहत. आज त्यांच्यात जो विश्वास आहे, तो या नोंदीने कमावलेला आहे.

आपल्याकडेही याची साक्ष आहे. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी येथे नहपान क्षत्रपाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. सातवाहनांनी क्षत्रपांवर मिळवलेल्या विजयाचा हा ठोस पुरावा ठरला, कारण तो संच एकत्र तपासता आला. उलट, १९७४ मध्ये प्रवरेकाठच्या दायमाबादला झुडपाचे मूळ खणताना सापडलेली चार भव्य ब्राँझ शिल्पे शास्त्रशुद्ध उत्खननात मिळाली नव्हती. त्यामुळे त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद राहिले.

म्हणून एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे. हे पुस्तक ब्रिटनमधल्या कायद्याच्या चौकटीत राहून छंद जोपासणाऱ्यांसाठी आणि यंत्रामागचे शास्त्र समजून घेऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. भारतात १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो, आणि संरक्षित स्मारकांच्या क्षेत्रात परवान्याविना खोदणे गुन्हा आहे. गडकिल्ल्यांवर, पांढरीच्या टेकाडांवर डिटेक्टर घेऊन जाण्याचा विचारही कुणी करू नये. गुप्तधनाच्या नादाने आपल्याकडे किती वास्तूंची नासधूस झाली, हे गावोगावच्या उकरलेल्या मंदिरांच्या पायऱ्या सांगतात.

वाचकाला एवढीच विनंती. पुढच्या प्रकरणांतले तक्ते पाहण्याआधी आपण ज्या शेतात फिरणार आहात त्याची माती, तिथला लोखंडी कचरा आणि जवळचे पाणी यांची माहिती करून घ्या. यंत्र त्यावरून ठरवा. जमीनमालकाची परवानगी लेखी घ्या. खणलेला प्रत्येक खड्डा बुजवा. आणि पहिल्या बटणापासून एक वही ठेवा: कुठे, किती खोल, कोणत्या दिवशी. यंत्र चार-पाच वर्षांत जुने होईल. वहीतली नोंद पुढच्या अभ्यासकाच्या उपयोगी पडेल.