पात्यांमधला ठिपका

गिरगावात मावशीच्या काचेच्या कपाटात चिनीमातीची एक मेंढपाळ मुलगी उभी आहे. तिच्या सासरची समजूत अशी, की १८२०च्या सुमारास एका गोऱ्या साहेबाने ही बाहुली घरातल्या मूळपुरुषाला भेट दिली. गेल्या वर्षी मावशीच्या मुलांत वाटणीची बोलणी सुरू झाली आणि बाहुलीचे वय सांगायचे काम माझ्याकडे आले. मी ती उलटी केली.

तळाला निळ्या रंगात एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी होत्या. ही जर्मनीतल्या मायसेनची खूण. सॅक्सनीचा अधिपती ऑगस्टस याने १७१० साली तिथे युरोपातला अस्सल पोर्सेलिनचा पहिला कारखाना काढला. तलवारी सॅक्सनीच्या राजचिन्हातल्या. १७२२-२३च्या सुमारास त्या भांड्यांवर आल्या. त्या कोबाल्टच्या निळीने, हाताने, झिलईखाली काढतात. म्हणून दोन नगांवरच्या तलवारी तंतोतंत सारख्या नसतात आणि नख फिरवले तर काही लागत नाही. झिलईवर काढलेली खूण दिसली तर सावध व्हावे. अर्थात नकला करणारेही झिलईखाली रंगवू शकत, तेव्हा एवढ्यावर हुरळू नये.

शेजारी मातीत कोरलेला आकडाही होता. हौशी संग्राहक इथेच फसतात. तो आकडा नमुन्याचा असतो, घडणीच्या सालाचा नव्हे. १७३१मध्ये मायसेनला आलेल्या योहान योआखिम केंडलरच्या नमुन्यांवरून पुढच्या शतकांतही बाहुल्या निघत राहिल्या. त्यामुळे बाहुलीचा झगा अठराव्या शतकातला आहे, हा पुरावाच नव्हे.

काळ कळतो तो बारीकसारीक भरीवरून. १७६३ ते १७७४ या काळात तलवारींच्या मुठींमध्ये ठिपका देत. पुढे १८१४पर्यंत मुठींपाशी चांदणी आली. आमच्या बाहुलीवर ठिपका दिसला तेव्हा मला, खोटे कशाला सांगू, घाम फुटला. भिंग लावले. ठिपका मुठींमध्ये नव्हता, वर पात्यांच्या टोकांमध्ये होता. ही रीत १९२४ ते १९३४ची, माक्स आडोल्फ फायफर कारखान्याचा संचालक असतानाची. ठिपका काही मिलिमीटर वर सरकला आणि दीडशे वर्षे गळून पडली. साहेबाची भेटही गेली.

आणखी एक गोष्ट भिंगाखाली दिसली. तलवारींवर आडवी, झिलई कापून गेलेली चीर होती. मला आधी ती पडझडीची वाटली. पण ती चाकावर मुद्दाम मारलेली होती. दुय्यम ठरलेला माल विकताना कारखाना स्वतःच आपली खूण अशी छेदत असे.

मावशीला हे सगळे सांगायला मला आठवडा लागला. तिने ऐकून घेतले, बाहुली हातात घेतली.

"म्हणजे आमच्या मामंजींनीच आणली," ती म्हणाली. "गोदीत कारकून होते ना. अस्सल परवडली नसती, आणि एवढे पैसे घातले हे सासूबाईंना सांगायची छाती नसेल."