प्रस्तावना: चित्र पाठवण्याआधीची एक ओळ

शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय 1947 पासून मुंबईच्या गोरगरिबांचा आधार आहे. धारावी तर त्याच्या शेजारीच. अशा रुग्णालयात काढलेला सीटी स्कॅन ही आज मुळात एक डिजिटल फाइल असते. ती वेबवरून डॉक्टरांच्या पडद्यावर न्यायची, तर सर्व्हरने बाइट्सच्या आधी ‘हे काय आहे’ ते सांगायचे असते. हे सांगणाऱ्या ओळीला कन्टेन्ट-टाइप म्हणतात. हे पुस्तक तिच्याविषयी आहे.

ही पद्धत ईमेलमधून आली. 1992 मध्ये नॅथॅनिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी मांडलेल्या माइम मसुद्यात इमेज/जेपीईजी आणि इमेज/जिफ हे प्रकार होतेच. वेबने ते उचलले. फाइलच्या नावाच्या शेपटावर विसंबून प्रकार ठरवणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. नाव कुणालाही बदलता येते. पीएनजीचे पहिले आठ बाइट मात्र ठरलेले असतात, म्हणून आधी ते तपासावेत. एसव्हीजी तर चित्र असूनही मजकूर आहे आणि त्यात स्क्रिप्ट दडू शकते. अनोळखी माणसाने चढवलेली एसव्हीजी आपल्याच डोमेनवरून जशीच्या तशी देणे मला धोक्याचे वाटते.

वैद्यकीय प्रतिमांकडे मी अधिक पाने वळवली आहेत, कारण तिथे चुकीची किंमत रुग्ण मोजतो. डायकॉम या वैद्यकीय प्रतिमांच्या प्रमाणित स्वरूपातल्या फाइलमध्ये सीटीचे मूल्य साधारणपणे 12 बिटांचे, म्हणजे 4096 पायऱ्यांचे. नेहमीच्या जेपीईजीत करड्या रंगाच्या 256 छटाच मावतात. नातेवाइकांना दाखवायला जेपीईजी पुरते. पण फुप्फुस पाहून झाल्यावर त्याच कापात हाड पाहायचे, तर डॉक्टरांना मूळ ॲप्लिकेशन/डायकॉमच हवे. स्कॅन एकच, मागणारा निराळा. कोणाला काय हवे ते ॲक्सेप्ट हेडर सांगतो आणि सर्व्हरने उत्तरात दिलेला प्रकार खरा असावा लागतो. डायकॉमच्या सुरुवातीचे 128 बाइट मोकळे सोडलेले असतात. त्या जागेचा फायदा घेऊन एकच फाइल स्कॅनही आणि चालणारा प्रोग्रामही असू शकते, हे 2019 मध्ये दाखवले गेले. म्हणजे सुरुवातीचे बाइट तपासणेही दर वेळी पुरत नाही. या विषयातला सर्वांत कठीण आणि मला सर्वांत प्रिय भाग हाच.

वाचकाला वेब प्रोग्रामिंगची तोंडओळख असावी. रेडिऑलॉजी येण्याची गरज नाही. पहिले प्रकरण सुरू करण्याआधी ब्राउझरमधली नेटवर्कची खिडकी उघडा, रोजच्या संकेतस्थळावरचे एखादे चित्र निवडा आणि त्याचा कन्टेन्ट-टाइप स्वतः वाचा.