थांबण्याची विद्या : जुन्या मोटारी आणि नवे ब्रेक

लातूर हें बालाघाटाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून ६०० मीटरांहून अधिक उंचीवर वसलेलें आहे. नांदेड गोदावरीच्या तीरावर, त्याच्याहून सुमारें २५० मीटर खालीं. अहमदपूर आणि लोहा या गांवांवरून जाणारी सडक हा उतार सावकाश उतरते. आज तेथें रुंद राष्ट्रीय महामार्ग आहे. मोटार प्रथम या भागांत आली तेव्हां मात्र उन्हाळ्यांत हातभर धूळ आणि पावसाळ्यांत काळ्या मातीचा चिखल, एवढीच रस्त्याची ओळख होती. मोटारीच्या ब्रेकचा इतिहास हा बव्हंशीं रस्त्यांचाच इतिहास आहे, ही गोष्ट येथें जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसेल.

हा सारा मुलूख १९४८ सालापर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्या राज्याच्या रेल्वेनें १९३२ सालच्या जून महिन्यांत अवघ्या २७ गाड्यांनिशीं सरकारी मोटारसेवा सुरू केली. त्यांत स्कॉटलंडच्या ॲल्बियन कंपनीच्या बसगाड्या होत्या. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १९६१ सालीं येथील सेवा एस. टी. महामंडळांत विलीन झाली. या काळांतील गाड्या ज्या ब्रेकनें थांबत तो ड्रम ब्रेक. चाकाबरोबर फिरणारा लोखंडी ढोल, त्याच्या आंत दोन अर्धचंद्राकृति पट्ट्या, आणि पायानें दाब दिला कीं त्या पट्ट्या बाहेर फांकून ढोलाच्या आंतल्या अंगाला घासणार, अशी ही साधी रचना.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं डिस्क ब्रेक हा अगदीं अलीकडचा शोध आहे आणि ड्रम ब्रेक ही त्याच्या अगोदरची अडाणी पायरी. वस्तुस्थिति निराळी आहे. फ्रान्समध्यें लुई रेनो यांनीं ढोलाचा ब्रेक रूढ केला त्याच सुमारास, १९०२ सालीं, इंग्लंडांत फ्रेडरिक लँचेस्टर यांनीं चाकाबरोबर फिरणाऱ्या उघड्या चकतीला चिमट्यांत धरण्याच्या ब्रेकचें पेटंट घेतलें होतें. कल्पना बिनचूक होती; परंतु तांब्याच्या पट्ट्या लोखंडावर घासून कर्कश किंकाळी उठे आणि त्या वेळच्या धुळीच्या रस्त्यांवर उघडी चकती भराभर झिजे. हर्बर्ट फ्रूड यांनीं ॲस्बेस्टॉसचें अस्तर पुढें आणून आवाजाचा प्रश्न सोडविला, पण धुळीचा प्रश्न राहिलाच. ढोलाला झांकण होतें. त्या झांकणानें धूळ बाहेर ठेवली, आणि जवळ जवळ अर्ध्या शतकाचें राज्य ढोलाच्या पदरीं पडलें. लातूर-नांदेडच्या त्या काळच्या सडकेवर उघडी चकती नेणें शहाणपणाचें झालें नसतें.

त्याच झांकणानें पुढें घात केला. ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करणारें यंत्र. एक टन वजनाची गाडी ताशीं ८० किलोमीटरांवरून एकदां थांबविली कीं जी उष्णता निघते तिनें सुमारें पाऊण लिटर पाण्याला उकळी येईल. आणि वेग ४० होता तेव्हां हीच उष्णता केवळ चौथाई होती. वेग दुप्पट, उष्णता चौपट, हा हिशेब कोणाला चुकवितां येत नाहीं. ढोलांत ही उष्णता कोंडून राहते. ढोल तापला कीं फुगतो आणि पट्टीपासून दूर सरतो. म्हणून उतारावर वारंवार ब्रेक मारणाऱ्या चालकाच्या पायाखालचें पॅडल हळूहळू खालीं जाऊं लागतें. ब्रेक ऑइल जुनें, पाणी शोषलेलें असेल तर तें उकळतें, नळींत वाफ होते आणि पॅडल एकदम तळाशीं बसतें. चिखलपाण्यांतून गाडी गेल्यास ढोलांत पाणी शिरून पकड सुटते, हें तर पावसाळ्यांतील प्रत्येक चालकाला ठाऊक. चकती उलट वाऱ्यावर उघडी असते. ती तापली तरी पट्टीकडेच फुगते आणि पाणी झटकून टाकते.

१९५३ सालीं फ्रान्समधील ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतींत डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार गाडी ताशीं सुमारें १७० किलोमीटरांच्या सरासरीनें पहिली आली, आणि दोनच वर्षांनीं सित्रोएनच्या डी. एस. या गाडीनें पुढच्या चाकांच्या चकत्या सामान्य कुटुंबापर्यंत आणल्या. आपल्याकडे कथा रेंगाळली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीनें मुंबईंत कुर्ल्याला १९५४ पासून फियाट ११०० बांधावयास घेतली. तीच पुढें पद्मिनी झाली. इटलींत या गाडीच्या भगिनीला १९६६ सालीं पुढच्या चाकांवर चकत्या मिळाल्या, इकडची बहीण मात्र ढोल बडवीतच राहिली. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ सालीं निवृत्त झाली.

ज्यांच्या अंगणांत अशी गाडी अद्याप जपलेली आहे त्यांच्यापुढें म्हणून खरा प्रश्न उभा राहतो. गाडी तीच आहे, रस्ता तो राहिलेला नाहीं. पुढें धांवणारी आजची मोटार चकत्यांच्या बळावर जागच्या जागीं थांबते आणि मागून येणारी पद्मिनी थांबत नाहीं. अशा वेळीं पुढच्या दोन चाकांना चकत्या बसविणें ही हौस नव्हे. मात्र हें काम अर्धवट केल्यास मूळ दुखण्याहून औषध घातक ठरतें. ढोलाची पट्टी फिरत्या ढोलाबरोबर स्वतःच आंत ओढली जाते. चकतीला हें साहाय्य नाहीं, तिला अधिक दाब लागतो, आणि तो बहुधा इंजिनाच्या निर्वातावर चालणाऱ्या बूस्टरनें द्यावा लागतो. ढोलाच्या मास्टर सिलिंडरांत नळींतील थोडा दाब राखून ठेवणारी झडप असेल आणि ती तशीच ठेवली, तर चकतीवरील पट्ट्या सदैव घासत राहून तापतात. पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल साधला नाहीं तर मागचीं चाकें आधीं अडतात आणि गाडी स्वतःभोवतीं फिरते. चकतीहूनहि महत्त्वाचा भाग म्हणजे दुहेरी मास्टर सिलिंडर. जुन्या गाडींत चारही चाकांना एकच वाट असते. कोठेंहि एक नळी फुटली कीं चारही ब्रेक गेले. पैसा एकाच कामापुरता असेल तर तो येथें खर्चावा, असेंच कोणीहि जाणता मिस्त्री सांगेल. जुने लायनर काढतांना ढोलांतील भुकटी फुंकून उडवूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी; तींत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो आणि तें फुप्फुसांत कायमचें ठाण मांडतें.

मूळ रूप बिघडतें, हा आक्षेप उरतो. तो पोकळ नाहीं. २०२१ सालच्या केंद्रीय नियमांनीं पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला विंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली ती गाडी मूळ स्वरूपांत राखलेली असावी या अटीवर, आणि मोठ्या फेरफारांत सांगाडा, बॉडी व इंजिन यांचा नांवानिशीं उल्लेख केला. तेव्हां सांगाड्याला नवें भोक न पाडतां, वेल्डिंग न करतां, मूळच्याच बोल्टांवर बसेल असाच संच निवडावा. काम हातीं घेण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारून घ्यावें. आणि काढलेले ढोल, पट्ट्या, जुना सिलिंडर यांना तेल लावून, फडक्यांत गुंडाळून, गाडीच्या कागदपत्रांबरोबरच पेटींत ठेवावें, म्हणजे पुढच्या पिढीला वाटल्यास दोन दिवसांत ते परत चढवितां येतील.